लोखंडी नळी आणि बांबूची काठी: टिपूचं रॉकेट नेमकं कसं चालायचं?

२०१८ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातून एक बातमी आली होती, काहींना आठवत असेल. नगर नावाचं गाव आहे, आपण इतिहासात ज्याला बिदनूर म्हणून ओळखतो ते. तिथल्या किल्ल्याच्या परिसरात एका कोरड्या विहिरीतल्या मातीला दारूचा वास येत होता (दारू म्हणजे बंदुकीची दारू, या लेखात सगळीकडे तोच अर्थ) म्हणून पुरातत्त्व खात्याने खणायला घेतलं, तर आत हजाराच्या वर गंजलेल्या लोखंडी नळ्यांचा ढीग. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघड्या. ही टिपू सुलतानाच्या काळातली रॉकेट्स. २००२ मध्ये त्याच भागात अशीच दीडशेच्या वर मिळाली होती, पण ती नेमकी काय आहेत हे कळायलाच नंतर बरीच वर्षं गेली.

तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी या विषयावरचं काहीतरी मोबाइलवर फिरत येतं. एकात म्हणतात टिपूने जगातलं पहिलं मिसाइल बनवलं. दुसऱ्यात म्हणतात कसलं मिसाइल, दिवाळीचा फटाका होता तो. माझा भाचा नववीत आहे, त्याने दोन्ही वाचलं आणि मला सरळ विचारलं, "मामा, फटाक्याने इंग्रज कसे हरतील?" प्रश्न एकदम योग्य आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. टिपू चांगला की वाईट हा वाद वेगळा आहे, त्यावर बोलणारे भरपूर आहेत, मला इथे फक्त त्या नळीबद्दल बोलायचंय.

आधी दारू म्हणजे काय ते बघू

तीन गोष्टी लागतात: सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण प्रमाण शंभरात ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. कोळसा जळतो, गंधकामुळे मिश्रण पटकन पेट घेतं. पण खरा हिरो सोरा आहे.

चूल आठवा. कोळसा किंवा लाकूड पेटायला हवा लागते, म्हणून आजी फुंकणीने फुंकायची. हवा कमी तर जाळ कमी. आता समजा फुंकणीतली हवाच कोणी कोळशाच्या प्रत्येक कणाशेजारी पुडीत बांधून ठेवली तर? सोरा तेच करतो. त्याच्यात ऑक्सिजन बांधलेला असतो, गरम झाला की तो सोडतो, त्यामुळे बंद नळीत, बाहेरची हवा न लागता, सगळं एकदम भडकतं आणि क्षणात भरपूर गरम वायू तयार होतो. चमचाभर भुकटी आणि त्यातून खोलीत न मावेल एवढा धूर, हे आपण दिवाळीत बघतोच.

आणि हा सोरा भारतात, मुख्यतः बिहारमध्ये, भरपूर मिळायचा. गोठ्याजवळची, जुन्या भिंतींजवळची खारट माती खरवडून, धुऊन, उकळून तो काढायचे. नोनिया समाजाचा तो पिढीजात धंदा. ईस्ट इंडिया कंपनीने पाटण्याहून जहाजंच्या जहाजं भरून सोरा युरोपात नेला आणि युरोपातल्या लढायांमध्ये तो वापरला गेला. म्हणजे कच्चा माल आपल्याकडे होता, यात शंकाच नाही.

बॉम्ब, भुईनळा, रॉकेट: फरक फक्त तोंडाचा

तीच दारू चारही बाजूंनी घट्ट बांधली तर सुतळी बॉम्ब. वायूला जायला जागा नाही, शेवटी तो कवच फोडूनच बाहेर पडतो. एका बाजूने तोंड उघडं ठेवलं तर भुईनळा, ठिणग्यांचं झाड वर उडतं आणि नळा जमिनीवर दाबून बसतो. आता तोच भुईनळा उलटा करा, तोंड खाली, आणि त्याला काठी बांधा. वायू खाली, नळा वर. झालं रॉकेट!

हे का होतं? तुम्ही होडीतून काठावर उडी मारलीय का कधी? आपण पुढे जातो आणि होडी मागे सरकते, कारण आपण होडीला पायाने मागे ढकललेलं असतं. रॉकेटच्या नळीतला वायू मागच्या तोंडातून जोरात उडी मारतो म्हणून नळी पुढे सरकते. या ढकलण्याला मी पुढे रेटा म्हणणार आहे, एवढा एकच शब्द लक्षात ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं की रॉकेट मागच्या हवेला ढकलून पुढे जातं, तसं नाही. ते स्वतःच्याच वायूला ढकलतं, म्हणून तर ते अवकाशात, जिथे हवाच नाही, तिथेही चालतं.

मग टिपूनेच पहिलं बनवलं ना?

नाही. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण खोट्या कौतुकाने खरं कौतुक झाकलं जातं.

दारूच्या लिखित कृती चीनमध्ये १०४४ च्या एका लष्करी ग्रंथात मिळतात. तिथे सुरुवातीला साध्या बाणाला दारूची पुडी बांधून धनुष्याने मारायचे, म्हणजे आग लावायचा बाण. मग बांबूच्या नळीत दारू भरून ती भाल्याला बांधायची आणि शत्रूच्या तोंडावर आग फेकायची, हा झाला हातात धरलेला भुईनळा. त्यातून कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं असणार की ही नळी हातातून निसटायला बघते, मागे ओढते, मग सोडूनच दिली तर? १२३२ मध्ये काइफेंग शहराला मंगोलांनी वेढा घातला तेव्हा जी 'उडती आग' वापरली तिला काही जण पहिली रॉकेट्स म्हणतात आणि काही जण म्हणतात ते आगीचे भालेच होते. पण तेराव्या शतकात रॉकेट जन्माला आलं होतं आणि तिथून ते अरब जगात, युरोपात आणि भारतात पसरलं एवढं नक्की.

भारतात त्याला नाव पडलं बाण. मुघलांच्या फारसी लिखाणातही 'बान' हाच शब्द आहे. आपल्या मराठी कागदपत्रांतही बाण आणि ते सोडणारे बाणदार येतात. त्यामुळे जुन्या मराठी लढाईच्या वर्णनात अठराव्या शतकात "बाण सुटले" असं वाचलं की प्रत्येक वेळी डोळ्यासमोर धनुष्य आणू नका, बऱ्याच वेळा ते रॉकेट असतं! पानिपतच्या तिसऱ्या लढाईत नजीबखान रोहिल्याच्या बाजूने बाणांचा भडिमार झाल्याची वर्णनं आहेत. मला स्वतःला हे कळलं तेव्हा शाळेत वाचलेले कितीतरी परिच्छेद परत वाचावेसे वाटले.

तर मग म्हैसूरच्या बाणात वेगळं काय होतं?

लोखंडाची नळी, आणि लेखाचा गाभा हाच आहे म्हणून इथे थोडा वेळ काढू.

युरोपात त्या काळी रॉकेटची नळी बहुतेक जाड कागदाची असायची, पुठ्ठ्याचे थर चिकटवून केलेली. चीनमध्ये त्याआधी बांबूचीही. आपल्या दिवाळीच्या रॉकेटचीही आजपर्यंत कागदाचीच असते. कागदाच्या नळीत दारू जास्त ठासून भरली की ती फुटते, म्हणजे रॉकेट उडायच्या ऐवजी बॉम्ब होतो आणि तोही आपल्याच हातात.

आता प्रेशर कुकर बघा. साध्या पातेल्यावर झाकण ठेवलं तर वाफ झाकण हलवून फुसफुस करत निघते, तिच्यात जोर नसतो. कुकरची भिंत जाड, झाकण पक्कं, म्हणून आत दाब साठतो आणि शिटी उचलली की वाफ केवढ्या जोरात निघते! रॉकेटचंही तसंच. नळी जितका दाब सहन करेल तितका वायू जास्त वेगाने बाहेर पडणार आणि तितका रेटा जास्त. वर दारूची एक खोड आहे, दाब वाढला की ती अजून भरभर जळते, म्हणजे फायदा दुहेरी, आणि नळी कमकुवत असेल तर धोकाही दुहेरी. म्हैसूरच्या लोहारांनी घणाने ठोकलेल्या चांगल्या मऊ लोखंडाच्या नळ्या बनवल्या, त्यात दारू घट्ट ठासली आणि त्यामुळे तेवढ्याच आकाराचा बाण कितीतरी लांब जायला लागला. एका बाणात साधारण एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास दारू, आणि पल्ला एक किलोमीटरच्या आसपास, काही वर्णनांत तर त्याहून बराच जास्त.

आकाराने ही चीज लहानच होती. लंडनजवळच्या वुलिचच्या लष्करी संग्रहालयातल्या दोन बाणांची मापं प्रसिद्ध शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये आपल्या अभ्यासात दिली आहेत. एकाची नळी दहा इंच लांब, सव्वादोन इंचांच्या आसपास जाड, आणि ती चामड्याच्या पट्ट्यांनी सव्वातीन फुटांहून थोड्या लांब तलवारीच्या पात्याला बांधलेली. दुसऱ्याची नळी जेमतेम आठ इंच, दीड इंच जाड, आणि सव्वासहा फुटांच्या बांबूला बांधलेली. म्हणजे पाण्याच्या बाटलीपेक्षाही बारीक नळी आणि माणसाच्या उंचीपेक्षा लांब काठी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी जी फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. लोखंडी नळी फक्त म्हैसूरकडेच होती असं नाही. १७७५ मध्ये राघोबादादांच्या भानगडीत इंग्रज गुजरातेत उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर जेम्स फोर्ब्स नावाचा माणूस होता, त्याने मराठ्यांच्या बाणाचं वर्णन लिहून ठेवलंय: आठ-दहा इंचांची लोखंडी नळी, सुमारे दोन इंच जाड, कधी लोखंडी सळीला, कधी दुधारी सरळ पात्याला, पण बहुतेक वेळा चार-पाच फुटांच्या भक्कम बांबूला बांधलेली, आणि हे हत्यार आम्हाला वारंवार सतावत होतं असंही तो म्हणतो. म्हणजे वस्तू जवळजवळ तीच. मग म्हैसूरचंच नाव का झालं? त्याचं उत्तर संख्येत आणि शिस्तीत आहे, तिकडे येतोच.

ती लांब काठी कशाला?

काठी नसेल तर रॉकेट उडेल, पण कुठे जाईल ते देवालाही सांगता येणार नाही, हवेत गिरक्या घेत बसेल. पतंगाला शेपटी लावली की तो डोलायचा थांबतो, तसंच हे. मागे लांब काठी असली की नळीचं पुढचं टोक थोडं वाकडं झालं तरी हवा काठीला अडवते आणि टोक परत सरळ करते.

पण या काठीचा एक मोठा तोटा आहे. आडवा वारा आला की तो लांब काठीला ढकलतो, त्यामुळे पुढचं टोक वारा येतो त्या दिशेला वळतं, आणि दारू अजून जळतच असल्यामुळे रॉकेट वाऱ्याच्या अंगावर धावून जातं. दोन वर्षांपूर्वी आम्ही दिवाळीत बाटलीत रॉकेट लावलं, नीट उभं, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तर ते वळून समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, सुदैवाने कोणी नव्हतं तिथे. युद्धातल्या बाणाचंही अगदी हेच व्हायचं, फक्त त्याच्या टोकाला लोखंड असायचं. कधीकधी तो वळून सोडणाऱ्यांच्याच दिशेने यायचा, कधी जमिनीवर आपटून सापासारखा सरपटत जायचा, आणि गंमत म्हणजे हे सरपटणंच घोड्यांना सगळ्यात भीतिदायक वाटायचं.

नेमच नाही, तर उपयोग काय?

भाच्याचा पुढचा प्रश्न हाच होता. तोफा होत्या की तेव्हा, टिपूकडेही होत्या, मग हे कशाला?

आधी तोफ जड का असते ते बघा. तोफेतही दारूच जळते, पण तिथे सगळा दाब नळीला सोसावा लागतो आणि गोळा पुढे गेला की तोफेला मागे जबरदस्त धक्का बसतो. म्हणून ती जाड ओतीव धातूची, म्हणून ती जड. किल्ल्याच्या भिंती फोडणाऱ्या अठरा किंवा चोवीस पौंडी तोफेची नुसती नळी दोन-अडीच टनांची असायची. ती ओढायला बैलांच्या जोड्यांच्या जोड्या, मग बैलांना चारा, रस्ता, नदीला उतार, पावसाळ्यात चिखल. अर्धं युद्ध तोफा हलवण्यातच जायचं.

बाणाला यातलं काहीच लागत नाही. धक्का नाही, कारण रेटा स्वतः बाणच घेऊन जातो. त्याला लागते फक्त रोख देणारी एखादी चौकट, किंवा नुसती उतरती जमीन. एक माणूस बरेच बाण पाठीवर घेऊन झाडीत शिरू शकतो, बत्ती देऊन, सोडून, तोफ वळवेपर्यंत पसार होऊ शकतो. म्हणजे बाण ही एका अर्थाने नळी घरी ठेवून आणलेली तोफ आहे. मला विचाराल तर त्याचं सगळं महत्त्व या एका वाक्यात आहे.

आणि नेमाचं म्हणाल तर नेम कशावर धरायचाय त्यावर आहे. एका माणसावर धरायचा असेल तर बाण अगदी निकामी. पण समोर हजारो माणसांची छावणी आहे, बैल, उंट, दारूच्या गाड्या, तंबू, सगळं दाटीवाटीने, तर एक चुकला तर दुसरा कुठेतरी लागतोच. शंभर सोडले की त्यातले वीस लागले तरी पुरे, उरलेल्या ऐंशींच्या आवाजाने आणि आगीने जनावरं उधळतात ती वेगळीच.

पण यासाठी शंभर एकदम सुटायला हवेत. आणि इथेच म्हैसूर पुढे गेलं. टिपूचे आजोबा, म्हणजे हैदर अलीचे वडील, पन्नास बाणदारांच्या तुकडीचे नायक होते, म्हणजे घरातच ही विद्या होती. हैदरने सुमारे १२०० बाणदार उभे केले आणि टिपूच्या काळात ती संख्या ५००० च्या आसपास गेली. फौजेच्या प्रत्येक मोठ्या तुकडीत, तिला कुशून म्हणायचे, बाणदारांची ठरलेली नेमणूक होती. नळीची जाडी किती आणि लक्ष्य किती लांब यावरून बाण किती तिरका धरायचा हे त्यांना शिकवलेलं असायचं. चाकांच्या गाडीवरून एकदम पाच-दहा बाण सोडायची सोयही होती. इतरांकडे बाण होते, टिपूकडे बाणांचं खातं होतं असं म्हणा.

पोल्लिलूर: जिथे हे सगळं जुळून आलं

१० सप्टेंबर १७८०. कांचीपुरमजवळचं पोल्लिलूर गाव. ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल विल्यम बेली जवळजवळ ३८०० माणसं घेऊन जनरल मन्रोला जाऊन मिळायला निघालेला आणि मन्रो काही मैलांवर आहे. मध्येच टिपूने त्याला गाठलं आणि मागून हैदर मुख्य फौज घेऊन आला. बेलीचे शिपाई चौकोन करून उभे राहिले, चांगले लढलेही, पण चौकोनाच्या मध्ये ठेवलेल्या दारूच्या गाड्यांचा स्फोट झाला आणि मग सगळं कोसळलं. तो स्फोट बाणामुळे झाला असं सगळ्यात जास्त सांगितलं जातं, तोफगोळ्यामुळे झाला असं म्हणणारेही आहेत. बेली पकडला गेला आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच १७८२ मध्ये वारला. कंपनीचा भारतात तोवर झालेला हा सगळ्यात वाईट पराभव होता आणि इंग्लंडमध्ये त्याची प्रचंड चर्चा झाली.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर: फटाक्याने इंग्रज हरले नाहीत. घोडदळाने वेढलं, तोफांनी झोडपलं, मन्रो वेळेवर आला नाही, आणि या सगळ्यात बाणांनी चौकोनाच्या आत आग आणि गोंधळ नेला. हत्यार एकटं कधीच जिंकत नाही.

एवढं भारी होतं तर टिपू हरला कसा?

तिसऱ्या म्हैसूर युद्धात, १७९० ते १७९२, इंग्रज, निजाम आणि मराठे असे तिघे एकत्र होते. आपले परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात महिनोन् महिने अडकले होते आणि शेवटी १७९२ च्या सुरुवातीला श्रीरंगपट्टणसमोर हरिपंत फडके इंग्रजांसोबत उभे होते. युद्ध संपताना झालेल्या तहात टिपूचं अर्धं राज्य गेलं. अर्ध्या राज्याचा महसूल गेला की फौज, लोखंड, दारू, सगळ्यालाच कात्री लागते.

चौथ्या युद्धात, ५ एप्रिल १७९९ च्या रात्री, श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या बागेत आर्थर वेलस्ली नावाचा तरुण कर्नल शिरला. काळोख, झाडी, पाण्याचे पाट, आणि समोरून बंदुका आणि बाण एकदम सुटले. त्याचे लोक पांगले, त्याला मागे यावं लागलं, काही शिपाई पकडले जाऊन मारले गेले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने परत जाऊन तीच जागा सहज घेतली. बाणाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका रात्रीत दिसतात, अंधारात आणि गोंधळात भारी, उजेडात शिस्तीच्या फौजेपुढे पुरेसा नाही. हा वेलस्ली म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आणि पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. बाणांबद्दल त्याचं मत पुढेही वाईटच राहिलं, आणि त्याने लिहूनही ठेवलंय की हे मत हिंदुस्तानात जे पाहिलं त्यावरून झालंय.

शिवाय बाण भिंत फोडू शकत नाही. किल्ल्याची भिंत फोडायला जड गोळा लागतो आणि वेढा घातलेल्या फौजेकडे तो होता. २ मे ला इंग्रजांच्या एका गोळ्याने किल्ल्यातल्या बाणांच्या कोठारालाच आग लागून मोठा स्फोट झाला, आणि ४ मे ला किल्ला पडला, टिपू लढताना मारला गेला. हल्ल्याचं नेतृत्व करणारा डेव्हिड बेअर्ड हा पोल्लिलूरला पकडला जाऊन याच श्रीरंगपट्टणात साडेतीन वर्षं कैदेत राहिलेला माणूस होता. आत ७०० तयार बाण आणि ९००० रिकाम्या नळ्या मिळाल्या.

इंग्रजांनी आपलं तंत्र चोरलं का?

काही बाण इंग्लंडला गेले, हे खरं. वुलिचच्या शस्त्रागारात विल्यम कॉन्ग्रिव्ह नावाच्या माणसाने, ज्याचे वडीलच तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, १८०४ च्या सुमारास यावर काम सुरू केलं. हिंदुस्तानात रॉकेट युद्धात वापरतात हे आपल्याला माहीत होतं असं त्याने स्वतःच लिहिलंय, फक्त ती लहान असतात आणि हजार यार्डांपलीकडे जात नाहीत अशी पुस्तीही जोडलीय.

पण "चोरलं" म्हणून विषय संपवला तर महत्त्वाचा भाग सुटतो. त्याने लंडनमधली मोठ्यात मोठी आतषबाजीची रॉकेट्स आणून उडवून बघितली, ती सहाशे यार्डांपर्यंतच गेली. मग दारूची वेगवेगळी मिश्रणं, नळीचे वेगवेगळे आकार, लोखंडी पत्रा, प्रत्येक वेळी उडवायचं, मोजायचं, लिहायचं. ठरलेल्या वजनांची रॉकेट्स, प्रत्येकाला ठरलेली काठी, ठरलेला पल्ला, आणि हे सगळं छापलेल्या पुस्तकात, चित्रांसकट. त्याचं ३२ पौंडी रॉकेट तीन हजार यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरपर्यंत जायचं आणि काठी तब्बल पंधरा फुटांची. १८०६ मध्ये फ्रान्सच्या बुलोन बंदरावर सुमारे दोन हजार रॉकेट्स सोडली, १८०७ मध्ये कोपनहेगन पेटवलं, १८१४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडली, अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेटच्या लाल उजेडाचा उल्लेख आहे तो याच रात्रीचा.

आपल्याकडे काय राहिलं? टिपूच्या बाणदारांना कोन कसा ठरवायचा ते माहीत होतं, लोहाराला लोखंड कितपत ठोकायचं ते माहीत होतं, पण ते हातात आणि डोळ्यात होतं. राज्य गेलं, कारखाने बंद झाले, कारागीर पांगले आणि ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. मला यात सगळ्यात जास्त हेच लागतं. बंगळूरच्या जुन्या गावात तारामंडलपेठ हे नाव तेवढं टिकलं, जिथे हे बाण बनायचे.

मग रॉकेट मागे का पडलं?

थोडक्यात, तोफ सुधारली. १८५० नंतर तोफेच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडायला लागले, त्यामुळे गोळा फिरत जायला लागला आणि नेम आणि पल्ला दोन्ही एकदम वाढले. रॉकेटवाल्यांनीही प्रयत्न केला. विल्यम हेल याने १८४४ मध्ये काठीच काढून टाकली, बाहेर पडणाऱ्या वायूनेच रॉकेट स्वतःभोवती फिरेल अशी रचना केली, म्हणजे भुईचक्राची युक्ती रॉकेटला लावली, भोवरा फिरत असला की पडत नाही तसं. पण तोपर्यंत तोफ खूप पुढे गेली होती.

आजच्या मिसाइलशी याचं काही नातं आहे का?

सरळ वंशावळ दाखवता येणार नाही. पण कल्पना तीच परत आली. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याची एआरडीई ही संस्था आहे, तिथे तयार झालेली 'पिनाक' रॉकेट यंत्रणा बघा. एका गाडीवर बारा नळ्या, ४४ सेकंदांत बाराच्या बारा रॉकेट्स बाहेर, आणि सुरुवातीच्या पिनाकचा पल्ला ३७-३८ किलोमीटर. एका माणसावर नेम नाही, एका इलाक्यावर नेम, सोडायचं आणि जागा बदलायची. कारगिलमध्ये १९९९ ला ती वापरली, श्रीरंगपट्टण पडलं त्याला बरोबर दोनशे वर्षं झाली होती. नंतरच्या पिनाकला उडता उडता स्वतःची दिशा सुधारायची सोय दिली, म्हणजे त्या बांबूच्या काठीचं काम आता कॉम्प्युटर करतो.

अब्दुल कलाम १९६३ मध्ये ट्रेनिंगसाठी अमेरिकेत गेले होते, तेव्हा नासाच्या वॉलॉप्स केंद्रात भिंतीवर त्यांना एक लढाईचं चित्र दिसलं, त्यात रॉकेट सोडणारे सैनिक सावळे होते. जवळ जाऊन बघितलं तर ती टिपूची फौज.

तुम्हाला चित्रच बघायचं असेल तर एवढ्या लांब जायला नको. कोल्हापूर-सांगलीकडून म्हैसूरला जाणारे बरेच जण श्रीरंगपट्टणला थांबतात, दर्या दौलत बागेत पश्चिमेकडच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई भिंतभर रंगवलेली आहे. हत्ती-घोड्यांच्या गर्दीत गाईड तुम्हाला हैदर आणि टिपू दाखवतो आणि पुढे नेतो. तुम्ही थांबा. लाल डगल्यांचा चौकोन शोधा, त्याच्या मधोमध पालखीत बसलेला बेली दिसेल, आणि त्याच्याजवळच ज्वाळा आणि धुराचा लोट, ती दारूची गाडी.